हंगामी ई-मेल पत्रं कशी आखावीत? मराठवाड्यातल्या छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती मसाले आणि वाळवण करणाऱ्या महिला, साडीची दुकानं, हळदीचे आणि डाळीचे व्यापारी, आंबा-सीताफळाचे बागायतदार यांच्याकडून येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडं सगळे व्हॉट्सॲपवर असतात. ई-मेल वाचणार कोण?

गावातला रोजचा गिऱ्हाईक नाही वाचणार. त्याच्यासाठी फोन, व्हॉट्सॲप आणि दुकानातली गाठभेट हेच खरं. ई-मेल वाचतो तो लातूर, बीड, नांदेडहून शिकून पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेलेला मुलगा किंवा मुलगी. दिवसभर त्यांच्यासमोर मेल उघडी असते. येसर, काळं तिखट, वसमतची हळद, गावाकडची तूरडाळ त्यांना तिकडं मनासारखी मिळत नाही. आई आहे तोवर ती ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पार्सल टाकते. पुढं ते कुणाकडून घ्यायचं, हे त्या घरात ठरलेलं नसतं. तुमचं पत्र तिथं उपयोगी पडतं.

शिवाय व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपर्यंतच जाते, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मिळते. मेल मात्र तशीच पडून राहते. सहा महिन्यांनी ‘हळद’ असं शोधलं तरी सापडते.

आधी बिलबुक उघडून जिल्ह्याबाहेरचे किती गिऱ्हाईक आहेत ते बघा. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील तर ई-मेलच्या मागं लागू नका, तोच वेळ दुकानाला द्या.

२. सणांची यादी काढली. आता वर्षाचं नियोजन कसं करायचं?

नुसत्या सणांच्या यादीवर थांबलात तर सगळ्या कंपन्या पाठवतात तसलीच शुभेच्छापत्रं तुमच्याकडूनही जातील. त्या यादीशेजारी आणखी तीन गोष्टी महिन्यावार मांडा: तुमचा माल कधी तयार होतो, घेणाऱ्याच्या हातात पैसा कधी येतो आणि घरात खरेदी कधी ठरते.

माल कधी तयार होतो हे तुम्हाला कुणी सांगायला नको. तरी कागदावर लिहा, कारण पुण्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. मराठवाड्याचा केसर कोकणच्या हापूसनंतर येतो, बहुतेक मे आणि जूनमध्ये. एप्रिलमध्ये बाजारात हापूसच्या पेट्या दिसल्या की तो विचारायला लागतो, आणि तुम्ही गप्प असाल तर तिथंच घेऊन मोकळा होतो. बालाघाटातलं सीताफळ पावसाळा संपता संपता येतं. हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि खरी विक्री मार्चनंतर. नवी तूर जानेवारीत, तिची डाळ त्यानंतर. हातमागावरच्या पैठणीला नक्षीप्रमाणे काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून तिचं पत्र लग्नाच्या तारखेच्या कितीतरी आधी जायला हवं.

पैशाचं गणित दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं आहे. गावाकडं मोंढ्यात सोयाबीन आलं की हातात पैसा खेळतो, म्हणजे ऑक्टोबरपासून. मग कापूस, मग तूर आणि हरभरा, उसाची बिलं. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा पैसा बियाणं-खतात गेलेला असतो, तेव्हा महागड्या वस्तूचं पत्र पाठवून कुणाचाच फायदा नाही. शहरातल्या नोकरदाराचा पैसा पगाराच्या तारखेला येतो आणि बोनस दिवाळीच्या आधी. त्यामुळं शक्य असेल तर यादीचे दोन भाग करा, ‘जिल्ह्यातले’ आणि ‘बाहेरचे’. तेवढ्या एका कामानं निम्मं नियोजन होतं.

तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. खरेदी सणाच्या दिवशी होते, पण ठरते आधी. वर्षाचं तिखट-मसाला भरायचा विचार होळीच्या आसपास सुरू होतो. लग्नाचा बस्ता साखरपुड्यानंतर ठरतो. महालक्ष्म्यांच्या साड्या श्रावणातच बोलल्या जातात. पत्र जायला हवं ते या बोलण्याच्या वेळी.

३. वर्षात किती पत्रं पाठवावीत?

महिन्याला एक, आणि तुमच्या मुख्य हंगामात दोन जादा. छोट्या दुकानाला एवढं पुरे. सांगण्यासारखं काही नसेल तर तो महिना सोडा, पण सलग तीन महिने सोडू नका (कारण प्रश्न १४ मध्ये).

४. दिवाळीचं पत्र नेमकं कधी जायला हवं?

माल घरी पोहोचायच्या तारखेपासून उलटं मोजा. २०२६ चं उदाहरण घ्या. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कुरिअरवाल्यांकडं ढीग साचतो, म्हणून तुमचं शेवटचं पार्सल ऑक्टोबरअखेर निघायला हवं. त्याआधी बांधणी, त्याआधी तयारी. म्हणजे मागणी २५ ऑक्टोबरच्या आसपास बंद. मग पहिलं पत्र घटस्थापनेच्या सुमारास: यंदा काय करणार आहोत, भाव काय, नोंदणी कशी. दुसरं दसरा झाल्या झाल्या, त्यात मागणीची शेवटची तारीख ठळक. तिसरं मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी, आणि ते ज्यांनी अजून घेतलेलं नाही त्यांनाच. ज्यानं पैसे भरलेत त्याला ‘लवकर करा’ म्हणून पुन्हा पत्र गेलं की त्याला शंका येते, आपली मागणी पोहोचली की नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाहेरगावचे तुमचे गिऱ्हाईक दिवाळीला गावी येतात. त्यांना एक ओळ लिहा: ‘इकडं येणार असाल तर आधी कळवा, बांधून ठेवतो, जाताना घेऊन जा.’ कुरिअरचा खर्च वाचतो, माणूस दुकानात येतो, आणि सोबत भावाला-बहिणीलाही आणतो.

५. पत्ते कुठून आणायचे? एक जण दहा हजार ई-मेलची यादी विकतोय.

ती घेऊ नका. ज्यांनी तुमचं नाव ऐकलेलं नाही ते तुमच्या पत्राला स्पॅम म्हणतील, आणि मग ज्यांना पत्र हवंय त्यांच्यापर्यंतही ते पोहोचणार नाही (प्रश्न ७).

पत्ता मागायची जागा म्हणजे बिल करतानाची. ‘पुढच्या हंगामाची माहिती मेलवर पाठवू का?’ असं स्पष्ट विचारा आणि हो म्हणाला तरच लिहून घ्या. पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी टाका. माळेगावच्या यात्रेत किंवा प्रदर्शनात गाळा लावत असाल तर वही ठेवा. त्या वहीत वरच लिहा की पत्ता कशासाठी घेतोय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचं मूळ तत्त्व हेच आहे: माणसाची माहिती त्याला सांगून, त्याच्या संमतीनं, सांगितलेल्या कामापुरतीच वापरायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं ठेवायचं. संमतीची सूचना मराठीतून देता येते, म्हणून इंग्रजीतला कुणाचा तरी मसुदा उतरवून काढायची गरज नाही.

६. साध्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसी करून पाठवलं तर चालतं का?

पन्नास-साठ ओळखीच्या माणसांना चालतं. त्यापुढं नको. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जाते, आणि मर्यादा ओलांडली तर खातं काही काळ अडतं. ऐन हंगामात मागण्यांच्या मेलही त्याच खात्यात येत असतील तर फार नुकसान होतं. शिवाय कुणी बीसीसीऐवजी चुकून सीसीत पत्ते टाकले, तर सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते एकमेकांना दिसतात. यादी वाढली की पत्रं पाठवणारी एखादी सेवा घ्या आणि दुकानाच्या नावाचं डोमेन (म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता) घ्या.

७. पत्रं स्पॅममध्ये जातात. काय करावं?

तीन नोंदी तपासा: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. या तुमच्या डोमेनच्या सेटिंगमध्ये करायच्या असतात. त्यांच्यावरून समोरच्या सर्व्हरला कळतं की पत्र खरंच तुमच्याकडून आलंय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला तिन्ही नोंदी हव्यात, आणि एका क्लिकवर नाव काढायची सोयही हवी. तुम्ही तेवढी पाठवत नसाल, पण पहिल्या दोनांपैकी एक तरी नोंद छोट्यांनाही लागते, आणि तिन्ही करून ठेवणं एका दुपारचं काम आहे. तुमच्या सेवेच्या मदत पानावर काय टाकायचं ते तयार मिळतं, ते डोमेन जिथून घेतलं तिथं नेऊन चिकटवायचं.

तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं, म्हणजे हजार पत्रांमागं तीन जणांनी ‘स्पॅम’ दाबलं तरी तुम्ही काठावर आलात. म्हणून नाव काढायची लिंक लपवू नका. जाणाऱ्याला जाऊ द्या. तो स्पॅम दाबून गेला तर राहिलेल्यांचंही नुकसान होतं.

दुसऱ्या सेवेतून पाठवताना पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचा पत्ता टाकू नका. अशी पत्रं संशयास्पद धरली जातात.

८. मराठीत लिहावं की इंग्रजीत?

मराठीत. येसर मागवणारा माणूस मराठीच वाचतो, आणि दिवसभर इंग्रजी मेल वाचून झाल्यावर गावाकडच्या भाषेतलं एक पत्र दिसलं की तो थांबतो. मागणीची लिंक, पैसे भरायची माहिती आणि पार्सलचा पत्ता एवढं साध्या शब्दांत दोन्ही भाषांत दिलंत तर घरातल्या मराठी न वाचणाऱ्यांनाही सोय होते. हैदराबादच्या यादीसाठी तर ते हवंच.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. फ्लेक्सच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर मेलमध्ये उतरवला की समोर निव्वळ अक्षरांचा कचरा दिसतो. त्यावर उपाय म्हणून बरेच जण अख्खं पत्र चित्र करून पाठवतात. तसंही करू नका. चित्रं बंद असली की पत्र कोरं दिसतं, आणि ‘हळद’ शोधल्यावर सापडतही नाही.

आणि लांबी बघा. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र कापतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेतं, त्यामुळं मराठी पत्र त्या मर्यादेला लवकर भिडतं. कापला जातो तो शेवटचा भाग, आणि नाव काढायची लिंक नेमकी तिथंच असते. वर्डमधून थेट मजकूर चिकटवला की अनावश्यक कोड येऊन पत्र फुगतं. आधी साध्या नोटपॅडमध्ये टाका, मग तिथून उचला.

९. विषयाच्या ओळीत काय लिहावं?

काय आहे आणि कधीपर्यंत, एवढंच. ‘केसरची नोंदणी सुरू, पहिली पेटी २० मेनंतर’ ही ओळ पुरेशी आहे. ‘सणासुदीची धमाका ऑफर’ यातून काहीच कळत नाही. मोबाईलवर ओळ अर्ध्यातच तुटते, म्हणून वस्तूचं नाव पहिल्या दोन शब्दांत यायला हवं.

१०. पत्रात विक्रीशिवाय काय असावं?

जे फक्त तुम्हालाच दिसतं ते. बागेत यंदा मोहर कसा आहे, हळद शिजवताना पावसानं गाठलं का, मिरचीचा भाव मोंढ्यात कुठं गेला आणि म्हणून तिखटाचा भाव का वाढला. भाववाढ अशी आधी आणि कारणासकट सांगितली की गिऱ्हाईक कुरकुरत नाही. दोन फोटो, तेही तुमच्याच अंगणातले.

येळवसीचं पत्र आवर्जून लिहा. मार्गशीर्ष अमावस्येला, डिसेंबर-जानेवारीत, लातूर-धाराशिवकडं अख्खं गाव शेतात जातं. आंबिल, भज्जी, उंडे. पुण्यात अडकलेल्याला त्या दिवशी काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. पण पत्र त्याच्या दहा-बारा दिवस आधी पाठवा. ज्याला सुट्टी काढून यायचंय तो येईल, नाही जमलं तर भज्जीचं सामान मागवेल.

११. अधिक महिना आला की सगळं वेळापत्रक कोलमडतं. तेव्हा कसं आखायचं?

म्हणूनच मागच्या वर्षीच्या इंग्रजी तारखा जशाच्या तशा उचलू नयेत. साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्याचे दोन परिणाम होतात.

एक, त्या महिन्यात लग्नाच्या तिथी नसतात. बस्ता, आहेर, पत्रिका, केटरिंग यांचा हंगाम मेच्या मध्यात तुटतो. त्यांची पत्रं एप्रिलमध्येच संपवा आणि पुढच्या तिथींसाठी वेगळं आखा. दुसऱ्या बाजूनं धोंड्याचा महिना म्हणजे लेक-जावयाला बोलावून जेवण, कपडे आणि वाण देण्याचा महिना. अनारसे, तांब्याचं ताट, चांदीची छोटी वस्तू, साडी-टॉवेल-टोपी विकणाऱ्याला हा जास्तीचा हंगाम मिळतो. बाहेरच्या यादीला हे पत्र एप्रिलअखेर पाठवा, कारण मुलीला-जावयाला यायचं तर रेल्वेचं आरक्षण आधी बघावं लागतं.

दोन, अधिक मासानंतरचे सगळे सण पुढं सरकतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. आपोआप जाणारी पत्रं आधीच लावून ठेवली असतील तर नवं पंचांग हातात घेऊन एकेक तारीख बदला.

रमजानचं वेगळं. चांद्र वर्ष लहान असल्यानं तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो. खजूर, शेवया, कपडे, अत्तर विकत असाल तर हे सरकणं दरवर्षी नव्यानं धरा. २०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला आणि रमजान ईदही त्याच आठवड्यात, म्हणजे दोन्ही घरांची खरेदी एकाच वेळी. माल तेवढा आहे का, हे पत्र पाठवायच्या आधी बघा.

१२. पितृपक्षात पत्र पाठवावं का?

नव्या वस्तूचं नको. त्या पंधरवड्यात बहुतेक घरांत नवी खरेदी टाळतात. पण नवरात्राची आणि दिवाळीची तयारी कुठवर आली, हे सांगणारं साधं पत्र चालतं. किराणा आणि डाळी विकणाऱ्यांना अडचण नाही, स्वयंपाक तर तेव्हाही असतोच.

१३. १७ सप्टेंबरला किंवा १४ एप्रिलला सवलत जाहीर केली तर चालेल का?

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. त्या लढ्यात माणसं गेलेली घरं अजून गावोगावी आहेत. त्या दिवसाच्या नावावर सवलत काढू नका. पाठवायचंच असेल तर तुमच्या गावातल्या त्या लढ्याची माहिती देणारं पत्र पाठवा आणि त्यात विक्रीची ओळ घालू नका. १४ जानेवारीबद्दलही हेच. त्या दिवशी बहुतेक वेळा संक्रांत येते, पण १९९४ साली मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला तोही याच तारखेला, आणि तो किती वर्षांच्या संघर्षानंतर झाला हे इथं सगळ्यांना माहीत आहे. तिळगुळाचं पत्र दोन आठवडे आधी जाऊ द्या.

१४ एप्रिलला घराघरांत नवे कपडे घेतले जातात, तेव्हा कापड दुकानानं मार्चअखेर मालाची माहिती देणं योग्यच आहे. तिथंही महापुरुषाचा फोटो लावून त्यावर टक्केवारी छापू नका.

१४. आमचा धंदा वर्षातून दोनच महिने चालतो. बाकीचे दहा महिने काय लिहायचं?

आंबेवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. दहा महिने गप्प राहून एकदम एप्रिलमध्ये पत्र टाकलं तर निम्मे लोक तुम्हाला विसरलेले असतात, काही पत्ते बंद पडलेले असतात, आणि स्पॅमची तक्रार याच पत्रावर जास्त येते. महिन्याआड चार-पाच ओळी पुरेत: छाटणी झाली, मोहर आला, गारपिटीत किती गळाला, फळ केवढं झालं. गिऱ्हाईक वर्षभर बाग बघत राहिला की पेटीच्या भावावर घासाघीस कमी होते.

खंड पडलाच असेल तर पहिल्या पत्रात विक्री करू नका. आपण कोण, पत्ता कुठं दिला होता, आणि पुढं पत्र हवं का, एवढंच विचारा.

१५. किती जणांनी पत्र उघडलं हा आकडा खरा असतो का?

पूर्ण नाही. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आली, तिच्यामुळं माणसानं न उघडलेली पत्रंही उघडल्यासारखी मोजली जातात. उत्तरं किती आली, लिंक किती जणांनी दाबली आणि मागण्या किती झाल्या, यावरच भरवसा ठेवा.

१६. अतिवृष्टी झाली, पिकं गेली. आखलेलं दिवाळीचं पत्र पाठवायचं का?

आपोआप जाणारी सगळी पत्रं आधी थांबवा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली, उभं सोयाबीन कुजलं, जमिनी खरवडून गेल्या, आणि दिवाळी महिन्यावर आलेली होती. अशा वेळी ‘खरेदीचा आनंद लुटा’ असं पत्र गावातल्या माणसाच्या हातात पडणं हा त्याचा अपमान आहे.

यादीचे दोन भाग (प्रश्न २) इथं कामाला येतात. जिल्ह्यातल्यांना फक्त कामाचं लिहा: दुकान कधी उघडं, उधारीची मुदत पुढं ढकललीय का, कुठली वस्तू थोड्या पैशात मिळेल. सुगीवर देतो म्हणणाऱ्याची सुगीच गेलीय, हे तुम्हाला ठाऊक आहे हे त्याला त्या पत्रातून कळू द्या.

बाहेरच्यांना खरी परिस्थिती सांगा. माल कुणाकडून घेता, त्यातलं किती वाचलं, यंदा काय मिळणार नाही, जे आहे त्याचा भाव किती. ते गावाकडचेच आहेत, घरून त्यांनाही फोन आलेले असतात, आणि अनेकांना काहीतरी करायचं असतं. त्यांची मागणी या दिवसांत गावातल्या कारागिराला आणि मसाला कुटणाऱ्या बाईला थेट उपयोगी पडते. फक्त वाहून गेलेल्या शेताचा फोटो लावून मसाला विकू नका. मदतीसाठी पैसे गोळा करायचे असतील तर ते पत्र वेगळं ठेवा, आणि पैसे कुठं गेले याचा हिशोब पुढच्या पत्रात द्या.

दुष्काळाच्या वर्षीही हाच विचार करा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी वाळवण आणि पापडाचा माल कमी होणार हे फेब्रुवारीतच दिसत असतं. तेव्हाच कळवा, म्हणजे एप्रिलमध्ये नाही म्हणायची वेळ येत नाही.

१७. पत्र गेलं, मागण्या आल्या आणि माल संपला. आता?

त्याच दिवशी, यादीतल्या सगळ्यांना एक छोटं पत्र: माल संपला, नवी मागणी घेत नाही. ज्यांचे पैसे आले पण माल देता येणार नाही त्यांना पत्राआधी फोन करा आणि पैसे परत कधी येतील ती तारीख सांगा. अर्ध्याच पेट्या भरणार असतील तर आधी मागणी करणाऱ्याला आधी, हा क्रम मोडू नका, मग मागं ओळखीचा कुणी असो. ज्यांना मिळालं नाही त्यांची वेगळी यादी करा आणि पुढच्या हंगामाचं पहिलं पत्र इतरांच्या दोन दिवस आधी त्यांना पाठवा.